रेडिओवर बेसबॉल दिसतो कसा? विन स्कली आणि त्याची ६७ वर्षं

१८ एप्रिल १९५०. आपली राज्यघटना लागू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्या दिवशी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शाइब पार्क मैदानावर २२ वर्षांचा एक लाल केसांचा पोरगा ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल टीमच्या कॉमेंट्रीसाठी माईकसमोर बसला, आणि त्याच टीमसाठी शेवटचा बसला तो २ ऑक्टोबर २०१६ ला. मधे ६७ सीझन गेले. टीमने न्यूयॉर्क सोडून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवलं, लाकडी पेटीसारखे रेडिओ जाऊन ट्रान्झिस्टर आले, मग टीव्ही, मग केबल, मग मोबाईल, खेळाडूंच्या कितीतरी पिढ्या येऊन गेल्या, आवाज मात्र तोच राहिला. विन स्कली.

एवढं मोठं करिअर म्हटलं की आपण आकडा बघतो, बापरे म्हणतो आणि पुढे जातो. मला मात्र आकड्यापेक्षा वेगळाच प्रश्न पडायचा, की सीझनमध्ये दीडशेच्या वर मॅचेस असलेल्या खेळात हा माणूस रोज तीन-तीन तास बोलत होता तरी काय, आणि लोकांना त्याचा कंटाळा कसा आला नाही?

हा प्रश्न पडला गाडीत. २०१३ च्या उन्हाळ्यात मी कामासाठी लॉस एंजेलिसला होते, ऑफिसातून निघायला उशीर व्हायचा आणि फ्रीवेवर गाडी मुंगीच्या पावलांनी जायची, आणि मला घरी सोडणारा सहकारी न चुकता एएम ५७० हे रेडिओ स्टेशन लावायचा. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी पहिल्याच संध्याकाळी मला मैदान दिसायला लागलं. पिचरने टोपी सारखी केली, बॅटरने बुटाने माती उकरली, मागे डोंगरावर ऊन उतरतंय, हे सगळं तो म्हातारा आवाज इतक्या निवांतपणे सांगत होता की जसं काही आजोबा ओट्यावर बसून बोलतायत. आणि तिसरी इनिंग संपली आणि आवाज बदलला! मी विचारलं काय झालं, तर कळलं की तो आता पूर्ण मॅच टीव्हीवर करतो, रेडिओला फक्त पहिल्या तीन इनिंग मिळतात. सहकाऱ्याने रेडिओ बारीक केला. तेव्हा तो माणूस ८५ वर्षांचा होता.

तर हे सगळं चालतं कसं ते समजून घेऊ. आधी खेळ, कारण खेळ कळल्याशिवाय कॉमेंट्री कळणार नाही.

क्रिकेट येतं ना, मग फार वेळ लागत नाही. पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त टप्पा पडत नाही, चेंडू थेट बॅटरकडे येतो. चेंडू योग्य पट्ट्यात आला आणि बॅटरने सोडला, किंवा बॅट फिरवली आणि चुकली, तर तो स्ट्राइक. पट्ट्याबाहेर गेला आणि बॅटरने सोडून दिला तर त्याला म्हणतात बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट, चार बॉल झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर (बेस म्हणजे धावताना ओलांडायचे टप्पे, सगळे ओलांडून परत आलं की एक रन). म्हणून कॉमेंटेटर सतत "टू अँड टू" असलं काहीतरी म्हणत असतो, म्हणजे दोन बॉल, दोन स्ट्राइक, आता एक चूक झाली की खेळ खलास. तीन आउट झाले की बाजू बदलते, असं नऊ वेळा. म्हणजे प्रत्येक टीमचे एकूण २७ आउट. आणि एखाद्या पिचरने २७ बॅटर आले तसे २७ परत पाठवले, एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोचू दिलं नाही, तर तो परफेक्ट गेम. अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या जवळजवळ दीडशे वर्षांच्या इतिहासात असे जेमतेम दोन डझन झालेत, त्यातल्या एकाकडे आपण शेवटी येणार आहोत.

आता गोम कुठेय बघा. मॅच अडीच-तीन तासांची, पण त्यात प्रत्यक्ष काहीतरी घडत असतं, म्हणजे चेंडू हवेत आहे, कोणीतरी पळतंय, असा वेळ सगळा मिळून पंधरा-वीस मिनिटं. बाकीचा वेळ पिचर चेंडू हातात घोळवतोय, कॅचरच्या, म्हणजे आपल्या विकेटकीपरच्या, खुणा बघतोय, नाही म्हणून मान हलवतोय. स्टेडियममध्ये बसलेला माणूस त्या वेळात शेंगदाणे खातो. टीव्हीवाला क्लोजअप दाखवतो. रेडिओवाल्याकडे काय असतं? फक्त तोंड. शिवाय हे रोज. टेस्ट मॅच पाच दिवसांत संपते, सिरीज महिन्या-दीड महिन्यात संपते, बेसबॉलचा सीझन सहा महिन्यांत १६२ मॅचेसचा, रोजच्या वरणभातासारखा. त्यामुळे कॉमेंटेटर हा कधीमधी येणारा पाहुणा राहत नाही, तो घरातलाच होतो.

अजून एक फरक आहे जो आपल्याला पटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे रेडिओवर कॉमेंट्री आकाशवाणीची असायची, बाळ ज. पंडितांचा मराठी आवाज ज्यांनी ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकलाय त्यांना काय म्हणतेय ते कळेल, तो आवाज आपला होता पण कुठल्या टीमचा नोकर नव्हता. अमेरिकेत प्रत्येक टीमचा स्वतःचा अनाउन्सर असतो, टीमबरोबर प्रवास करतो, अख्खा सीझन एकाच टीमच्या मॅचेस सांगतो. म्हणून ६७ वर्षं शक्य तरी झाली. पण त्याच व्यवस्थेत एक मोठा मोहही आहे. टीमच पगार देणार म्हटल्यावर बरेच जण "आपण जिंकलो, आपली बॅटिंग" असं सरळ सरळ बाजू घेऊन बोलतात. स्कली डॉजर्सला कधी "आपण" म्हणाला नाही. समोरच्या टीमच्या पोराने भारी कॅच घेतला तर त्याचंही तितकंच मनापासून कौतुक. माझ्या मते त्याच्यावरचा विश्वास इतका टिकला त्याचं निम्मं कारण इथेच आहे.

ही सवय त्याला लावली ती रेड बार्बरने. बार्बर कोण ते सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण रेडिओवर बेसबॉल येण्याची गोष्टच फार मजेची आहे.

पहिली मॅच रेडिओवर आली ५ ऑगस्ट १९२१ ला, पिट्सबर्गच्या केडीकेए स्टेशनवरून, हॅरल्ड आर्लिन नावाच्या माणसाने सांगितली. टीमचे मालक मात्र धास्तावलेले, की घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार? न्यूयॉर्कच्या तिन्ही टीमनी तर आपसात ठरवून १९३८ पर्यंत रेडिओला बंदीच घातली होती. आणि परगावच्या मॅचेससाठी टेलिफोन लाइन परवडायची नाही, मग काय करायचे, तर मैदानावरून तारेने मोर्समध्ये तुटक माहिती यायची, ऑपरेटर ती कागदावर उतरवून काचेपलीकडून द्यायचा, आणि स्टुडिओत बसलेला अनाउन्सर त्यावरून सगळी मॅच रंगवून सांगायचा, जणू डोळ्यासमोर चाललीय. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला रोनाल्ड रेगन १९३० च्या दशकात आयोवात हेच काम करायचा. एकदा ऐन मॅचमध्ये तार बंद पडली. आता गप्प बसलं तर लोक दुसरं स्टेशन लावणार, आणि आउट किंवा हिट सांगितली तर उद्या पेपरात खोटं उघडं पडणार. रेगनला आठवलं की फाऊल, म्हणजे बॅटला लागून रेषेबाहेर गेलेले चेंडू, ज्यांचा तिसरा स्ट्राइक धरत नाहीत, ते किती झाले याची नोंद रेकॉर्डमध्ये राहत नाही, मग त्याने बॅटरकडून फाऊलवर फाऊल मारून घेतले, कित्येक मिनिटं, तार परत चालू होईपर्यंत.

म्हणजे रेडिओवरचा बेसबॉल पहिल्यापासूनच कानाने बघायचा खेळ होता. फक्त त्यात कल्पनेचं पाणी किती घालायचं हा प्रश्न होता. रेड बार्बर या बाबतीत कडक माणूस. १९३९ साली न्यूयॉर्कची ती बंदी उठली आणि बार्बर ब्रुकलिनला आला. समोर दिसतं तेच सांगायचं, आरडाओरडा नाही, बाजू घेणं नाही. त्याच्या टेबलावर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ असायचं, अंडं उकडताना वापरतात ते. वाळू खाली आली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. कारण साधं आहे, रेडिओचा श्रोता कधीही येतो. कोणी आत्ताच गाडी चालू केली असेल, कोणी भांडी घासून आत्ता बसलं असेल, त्याला सगळ्यात आधी स्कोअर हवा असतो, तुमची अलंकारिक वाक्यं नंतर.

स्कली या बार्बरच्या हाताखाली आला त्याचा किस्सा मला फार आवडतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जन्म, २९ नोव्हेंबर १९२७. वडील लहानपणीच गेले. फोर्डम युनिव्हर्सिटीत शिकला, तिथल्या विद्यार्थ्यांच्या रेडिओवर घडला. पदवी मिळाल्यावर दीडशेच्या आसपास स्टेशनांना पत्रं टाकली, वॉशिंग्टनच्या एका स्टेशनने उन्हाळ्यापुरतं घेतलं. मग नोव्हेंबर १९४९ मध्ये बार्बरला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर एका कॉलेज फुटबॉल मॅचसाठी ऐनवेळी माणूस हवा होता, त्याने या पोराला पाठवलं. पोराला वाटलं काचेची बंद खोली असेल, म्हणून कोट आणि हातमोजे हॉटेलवर ठेवून गेला. तिथे खोलीच नव्हती! माईक आणि लांबलचक वायर देऊन त्याला स्टेडियमच्या छपरावर सोडलं. नोव्हेंबरची बॉस्टनची थंडी, अंधार पडायला लागलेला, जवळ एक साठ वॅटचा बल्ब, आणि हा वायर ओढत छपरावर इकडून तिकडे पळत, खेळ जिकडे जाईल तिकडे, कॉमेंट्री करत राहिला. परत आल्यावर बार्बरला एका शब्दाने सांगितलं नाही. नंतर बॉस्टनच्या आयोजकांनीच माफी मागितली तेव्हा बार्बरला कळलं, आणि पोरगा डोक्यात बसला. काही महिन्यांतच डॉजर्सच्या टीममध्ये तिसरा अनाउन्सर म्हणून जागा झाली.

बार्बरने त्याला एक गोष्ट बजावली होती, की दुसऱ्या अनाउन्सरांना ऐकत बसू नकोस, तुझ्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही, ते म्हणजे तू स्वतः, इतरांचं ऐकून ते पातळ करू नकोस. आपल्या भाषेत, दुधात पाणी घालू नकोस. आज जो तो उठून कोणाची तरी नक्कल करतो त्या जमान्यात हा सल्ला मला सोन्याचा वाटतो.

आता लॉस एंजेलिस. १९५८ ला टीम तिकडे गेली तेव्हा स्वतःचं स्टेडियम तयार नव्हतं, म्हणून चार वर्षं कोलिझियममध्ये खेळली, जिथे १९३२ चं ऑलिंपिक झालं होतं. ते बेसबॉलसाठी बांधलेलंच नव्हतं. नव्वद हजारांवर लोक मावायचे, पण मागच्या ओळींतून खेळाडू मुंगीएवढे दिसायचे. लोकांना बेसबॉल आवडत होता पण कुठला खेळाडू कोण हे कळेना. नेमकी त्याच काळात खिशात मावणारी ट्रान्झिस्टर बाजारात आलेली. मग लोक काय करायला लागले, तर तिकीट काढून स्टेडियममध्ये बसायचे आणि कानाला रेडिओ लावून स्कलीला ऐकायचे, म्हणजे डोळ्यासमोर मॅच चालू आणि तरी ती कोणीतरी सांगायला हवी! हजारो ट्रान्झिस्टरमधून त्याचा आवाज गॅलऱ्यांतून घुमायचा. एकदा त्याला कळलं की अंपायर फ्रँक सेकोरीचा वाढदिवस आहे, तर त्याने रेडिओवरून श्रोत्यांना सांगितलं की मी तीन म्हटलं की सगळ्यांनी ओरडायचं. आणि अख्खं स्टेडियम एका आवाजात ओरडलं, हॅपी बर्थडे फ्रँक. अंपायर चकित.

यात गंमत आहे तशी एक कठीण गोष्टही आहे. ज्यांना मैदान दिसतंय तेच लोक तुम्हाला ऐकतायत. म्हणजे फेकायला जागाच नाही. रेगनसारखे मनाचे फाऊल इथे चालणार नव्हते.

शिवाय त्या काळात डॉजर्सच्या घरच्या मॅचेस टीव्हीवर दाखवायचेच नाहीत, परगावच्याही मोजक्याच. म्हणजे शहरासाठी बेसबॉल म्हणजे रेडिओ, आणि शहर गाड्यांचं, लोक संध्याकाळी घरी जाताना स्टिअरिंगवर तासन् तास. २०१३ ला मी ज्या फ्रीवेवर अडकले होते तिथेच लोक १९६० ला अडकून त्यालाच ऐकत होते, हा विचार आला की मला अजून शहारा येतो.

आणि त्याच्या आवाजावरून दुसरा एक आवाज तयार झाला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हाइमे हारीन. इक्वाडोरहून १९५५ ला आलेला तरुण, तोवर बेसबॉल पाहिलेलाही नव्हता. १९५९ पासून डॉजर्सची स्पॅनिश कॉमेंट्री करायला लागला. सुरुवातीची काही वर्षं स्पॅनिश टीमला परगावी पाठवायचे नाहीत, मग हारीन लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसून कानात स्कलीची इंग्रजी ऐकायचा आणि तोंडाने स्पॅनिश बोलायचा, तिथल्या तिथे. स्कलीचं चित्र इतकं स्वच्छ असायचं म्हणूनच हे जमू शकलं. हारीन ६४ सीझन करून २०२२ ला थांबला. एकाच टीमकडे अशी दोन माणसं!

मग स्कली नेमकं करायचा काय? पहिलं म्हणजे तो एकटा बोलायचा. आजकाल बॉक्समध्ये दोन-तीन जण असतात, त्यातला एक माजी खेळाडू, आणि ते एकमेकांशी बोलतात, आपण बाहेरून ऐकतो. स्कलीचं म्हणणं असं की मला तुम्हाला गाडी विकायची असेल तर मी थेट तुमच्याशी बोलेन, की शेजारच्याशी गाडीबद्दल बोलत बसेन आणि तुम्ही ते ऐकायचं? आपल्या मुंबईत बॉबी तल्यारखान असेच एकहाती क्रिकेटची कॉमेंट्री करायचे, दिवसभर माईक दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत, त्यामुळे जुन्या लोकांना ही पद्धत अनोळखी वाटणार नाही.

दुसरं, गोष्टी. ती पंधरा-वीस मिनिटं सोडून जो वेळ उरतो त्यात तो गोष्ट सांगायचा, पण गोष्ट आणि खेळ एकमेकांत विणून. करिअरच्या अगदी शेवटच्या काळातली एक आहे. समोरच्या टीमचा पिचर मॅडिसन बमगार्नर. तो आणि त्याची बायको ॲरिझोनात गुरांना दोर टाकायचा सराव करत होते, तिथे मोठा साप निघाला, बॉल वन, बमगार्नरने कुऱ्हाडीने सापाचे तुकडे केले, फाऊल, स्ट्राइक वन, बायकोने बघितलं तर त्या तुकड्यांत सशाची दोन पिल्लं, सापाने गिळलेली, त्यातलं एक जिवंत, पुढचा चेंडू, आणि मग त्यांनी ते पिल्लू घरी नेऊन वाढवलं आणि नंतर सोडून दिलं. चेंडूंचा क्रम मी समजावण्यासाठी माझ्या मनाने घातलाय, पण सांगायची रीत हीच. पिचरने हात वर घेतला की वाक्य अर्ध्यावर थांबतं, चेंडूचं काय झालं ते कळतं, आणि वाक्य तिथूनच उचललं जातं, धागा न तुटता. आणि तिसरा आउट व्हायच्या आत गोष्ट संपवायची असते नाहीतर जाहिराती येतात. करून बघा एकदा, रस्त्यावरच्या गाड्या मोजत मोजत एखादी गोष्ट सांगून बघा.

तिसरं, वही. प्रत्येक बेसबॉल अनाउन्सरसमोर स्कोअरशीट असते आणि तिची स्वतःची भाषा आहे. मैदानावरच्या प्रत्येक जागेला नंबर, पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवाला ३, दुसऱ्यावाला ४, तिसऱ्यावाला ५, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असणारा, ६, आणि लांब उभे असलेले तिघे ७, ८, ९. आता शीटवर ६-४-३ लिहिलं असेल तर? शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर, एका फटक्यात दोन आउट. तीन आकड्यांत अख्खी हालचाल. आणि स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटर गेला, की लिहायचं इंग्रजी अक्षर 'के'. बॅट न फिरवता बघत बघत गेला असेल तर तोच 'के' उलटा काढायचा. हा 'के' लक्षात ठेवा.

आणि चौथं, जे मला सगळ्यात मोठं वाटतं. गप्प बसणं.

स्कली साधारण आठ वर्षांचा असताना घरात चार पायांचा मोठा रेडिओ होता. त्याच्याखाली तो सरपटत जायचा, बिस्किटं आणि दुधाचा ग्लास घेऊन, आणि डोक्यावर येणारा गर्दीचा आवाज ऐकत पडून राहायचा. कॉलेजांची फुटबॉल मॅच असायची, टीमशी त्याचा काही संबंध नसायचा. त्याला ती गर्जना आवडायची, अंगावर शॉवरचं पाणी पडावं तशी. तो मुलगा शेवटपर्यंत त्याच्यात राहिला. काही मोठं घडलं की तो एका वाक्यात सांगायचा आणि माईक गर्दीला देऊन टाकायचा. १९५५ ला ब्रुकलिन डॉजर्स पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनच्या शेवटची विजेतेपदाची सिरीज, जिंकली, तेव्हा त्याने फक्त एवढंच सांगितलं की ब्रुकलिन डॉजर्स जगज्जेते झालेत. पुढे बोललो असतो तर रडलो असतो, असं तोच म्हणायचा.

८ एप्रिल १९७४, अटलांटा. हँक एरनने ७१५ वा होम रन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखा फटका, मारून बेब रूथचा ७१४ चा विक्रम मोडला, तोही डॉजर्सच्या अल डाउनिंगला मारून. एरन काळा माणूस, विक्रम जवळ येत गेला तशी त्याला द्वेषाने भरलेली पत्रं आणि जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. स्कलीने चेंडू गेला एवढं सांगितलं आणि थांबला. फटाके, आरडाओरडा, एरन बेसमागून बेस ओलांडतोय, सगळं श्रोत्याला नुसतं ऐकू दिलं. आणि मग बोलला ते असं, की डीप साउथमध्ये, म्हणजे वर्णभेदासाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिणेत, एका काळ्या माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत. खेळाच्या पलीकडचं काय घडलंय हे बोट ठेवून सांगितलं, दोन-तीन वाक्यांत. कोणी दुसरा असता तर आकडेवारी सांगत बसला असता.

१९८८ च्या वर्ल्ड सिरीजचं उदाहरण टीव्हीचं आहे म्हणून थोडक्यात. कर्क गिब्सनचे दोन्ही पाय दुखावलेले, स्कली कॉमेंट्रीत म्हणाला की आज गिब्सन खेळेलसं दिसत नाही, आणि आत पायाला बर्फ लावून टीव्ही बघणाऱ्या गिब्सनने ते ऐकलं आणि उठला! लंगडत आला, होम रन मारून मॅच जिंकून दिली. स्कली मिनिटभराहून जास्त एक शब्द बोलला नाही.

रेडिओवर हे टीव्हीपेक्षा किती अवघड आहे लक्षात घ्या. टीव्हीवर गप्प बसलं तर चित्र असतं. रेडिओवर गप्प बसलं की माणसाला वाटतं स्टेशन गेलं. तिथे शांत राहायला गर्दीवर आणि श्रोत्यावर दोघांवर विश्वास लागतो.

कष्टांचं काय? १९८९ च्या जूनमध्ये एका शनिवारी दुपारी सेंट लुईसला टीव्हीसाठी १० इनिंगची मॅच केली, विमान पकडून ह्यूस्टनला गेला, रात्री डॉजर्सची मॅच होती ती २२ इनिंग चालली, सात तासांवर, आणि दुसऱ्या दिवशी परत १३ इनिंग. दोन दिवसांत ४५. घरातही कमी सोसलं नाही, पहिली बायको १९७२ ला गेली, थोरला मुलगा १९९४ ला हेलिकॉप्टर अपघातात गेला. माईकवर त्यातलं काही आलं नाही.

शेवटची तीन वर्षं तर मला फार लागतात. २०१४ पासून डॉजर्सचं चॅनल केबल कंपन्यांच्या पैशाच्या भांडणात अडकलं आणि शहरातल्या बहुतेक घरांत ते दिसेचना. ८६-८८ वर्षांचा माणूस आयुष्यातले शेवटचे सीझन करतोय आणि त्याच्याच शहराला तो दिसत नाही. लोकांकडे उरल्या त्या रेडिओवरच्या तीन इनिंग. गंमत बघा, शेवटी परत रेडिओच.

आणि ती तारीख. २ ऑक्टोबर १९३६ ला शाळेतून घरी जाताना आठ वर्षांच्या विनने एका लॉन्ड्रीच्या खिडकीत वर्ल्ड सिरीजचा स्कोअर लावलेला पाहिला, यांकीज १८, जायंट्स ४. त्याला हरलेल्यांची इतकी दया आली की तो जायंट्सचा फॅन झाला, बेसबॉल तिथे सुरू झाला. २ ऑक्टोबर २०१६ ला शेवटची मॅच होती ती जायंट्सच्याच मैदानावर, बरोबर ८० वर्षांनी. ऑगस्ट २०२२ मध्ये, ९४ व्या वर्षी तो गेला.

आता तो परफेक्ट गेम. ९ सप्टेंबर १९६५, डॉजर स्टेडियम, समोर शिकागो कब्ज, पिचर सँडी कूफॅक्स. आठ इनिंग झाल्यात, २४ आले २४ गेले. टीव्हीवर मॅच नाही, म्हणजे या नवव्या इनिंगचं आज जे काही आपल्याकडे आहे ते स्कलीचा आवाज. कूफॅक्सला आठवण म्हणून देता यावं म्हणून त्याने ही इनिंग रेकॉर्ड करायला सांगितली होती, आणि म्हणून तो मधेमधे वेळ सांगतो, नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटं, तारीख नऊ सप्टेंबर. पुढे आयुष्यभर ऐकताना त्या माणसाला कळावं की नेमकं कुठलं मिनिट होतं. काय विचार आहे बघा!

तो सांगतो की मैदानावरची पिचरची ती उंच जागा या क्षणी जगातली सगळ्यात एकाकी जागा असेल. कूफॅक्सने टोपी काढली, काळ्या केसांतून बोटं फिरवली, टोपी परत घातली, तिची कड ओढतोय. बॅटरही मागे सरतो, सुस्कारा सोडतो, हेल्मेट काढून परत घालतो. गर्दीत २९,१३९ माणसं. आणि एक वाक्य, की बरेच लोक आता चेंडू हृदयाने बघायला लागलेत, म्हणजे कुठलाही चेंडू त्यांना स्ट्राइकच वाटतोय, अंपायरने बॉल दिला की ते हूर्यो करतात. पंचविसावा गेला. सव्विसावा गेला. सत्ताविसावा हार्वी कीन. नऊ सेहेचाळीस. टू अँड टू. बॅट फिरली, चुकली, परफेक्ट गेम.

मग ३८ सेकंद काही नाही. फक्त ती गर्दी.

नंतर तो परत येतो, घाई न करता. पुन्हा वेळ सांगतो, शहराचं नाव सांगतो, सलग चौथ्या वर्षी चौथा नो-हिटर, म्हणजे समोरच्या एकालाही फटका मारून बेसवर पोचू न दिलेली मॅच, आणि शेवटचे सहाच्या सहा बॅटर स्ट्राइकआउट. आणि म्हणतो की सँडी कूफॅक्सने आपलं नाव रेकॉर्डबुकात मोठ्या अक्षरांत लिहिलं तेव्हा त्या नावातला 'के' बाकीच्या अक्षरांहून जास्त उठून दिसतो.

कूफॅक्स इंग्रजीत 'के'ने सुरू होतो. रेकॉर्डिंग इंटरनेटवर सहज सापडतं. रात्री दिवे घालवून, हेडफोन लावून ऐका, आणि टोपीकडे लक्ष ठेवा.